सात फुटांतले ॲबिंग्डन

लष्करात वाढलेल्या मराठी माणसाला जयविलास प्रासादातल्या चांदीच्या आगगाडीची ओळख करून द्यावी लागत नाही. भोजनगृहातल्या त्या लांबलचक मेजावर मांडलेले रूळ, त्यांवरची इवलीशी गाडी, सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची सात इंग्रजी अक्षरे आणि त्या डब्यांतून पाहुण्यांपुढे फिरणारे मद्य व चिरूट! सुरई उचलली की गाडी थांबते आणि परत ठेवली की चालू लागते, ही हकीकत तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. ही गाडी माधवराव महाराजांसाठी इंग्लंडातील नॉर्दम्प्टन गावच्या बॅसेट-लोक या पेढीने घडवून दिली, हे मात्र फारसे कुणी ध्यानात ठेवीत नाही. तिच्या जन्माचे साल १९०६ सांगतात. राजवाड्यातले मेज प्रशस्त, तेव्हा तिथे रुळांना जागेची वाण नव्हती. परंतु ज्या देशाने ही गाडी घडवली, त्या देशातल्या सामान्य गृहस्थाच्या घरी असले मेज कुठून असणार? तिथली कित्येक घरे आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाची आठवण व्हावी इतकी अरुंद असतात. असे असूनही घरात आगगाडी खेळवण्याचा छंद त्या लोकांना जडला तो जडलाच. एवढ्याशा जागेत तो मावतो तरी कसा, हे पाहण्याचा योग गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्हांला ॲबिंग्डन या गावी आला.

ॲबिंग्डन हे थेम्स नदीच्या काठचे, ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवरचे जुने गाव. एके काळी बर्कशर परगण्याचे मुख्य ठाणे. १९७४ साली परगण्यांच्या सीमा बदलल्या आणि ते ऑक्सफर्डशरमध्ये गेले. सीमा सरकली म्हणून माणसे सरकत नाहीत, ही गोष्ट आपल्या वाचकांना आम्ही काय सांगावी! गावात सतराव्या शतकातला एक देखणा दगडी सभाभवन आहे आणि राजघराण्यातल्या मंगल प्रसंगी त्याच्या गच्चीवरून खालच्या गर्दीत गोड पाव फेकण्याची मजेदार चाल तिथे अद्याप चालू आहे. मात्र आज या गावाला रेल्वे स्टेशन नाही. आमची कन्या व जावई तिथे राहतात. त्यांच्याकडे जाण्यासाठी आम्हा उभयतांना डिडकॉटला उतरून पुढे बस धरावी लागली.

पूर्वी स्टेशन होते. १८५६ साली मुख्य मार्गापासून गावापर्यंत एक लहानसा फाटा काढण्यात आला आणि १८७३ मध्ये तो रॅडली स्टेशनपर्यंत वाढवला गेला. एकूण अंतर सुमारे अडीच मैल. इंजिनाला एकच डबा जोडून दिवसभर ये-जा करणारी ही गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. त्याच वर्षी डॉक्टर बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. तोट्यातले मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करावीत, अशी त्यात शिफारस होती. ॲबिंग्डनच्या रुळांवरून मालगाडी मात्र पुढेही काही वर्षे जात राहिली. गावात एम. जी. मोटारींचा प्रसिद्ध कारखाना होता. तो १९८० साली बंद पडला, आणि १९८४ पर्यंत कोळशाची वाहतूकही संपली. स्टेशनची जागा आता दुकानाने आणि घरांनी व्यापली आहे. तिथे उभे राहून रूळ कुठे होते हे ओळखणे नवख्याला शक्य नाही.

मुलीच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहणारे एक गृहस्थ आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, पत्नी चार वर्षांपूर्वी निवर्तलेली, मुलगा दूर उत्तरेला. त्यांचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, आणि ते त्यांना आवडणारही नाही. आम्ही ग्वाल्हेरचे असे मुलीने सांगताच त्यांनी हात पुढे केला आणि 'नमस्कार, कसे आहात' वगैरे सोपस्कार बाजूला ठेवून पहिलाच प्रश्न केला, "तुमच्याकडची दोन फुटी गाडी अजून चालते का?" परदेशी माणसाने ग्वाल्हेर म्हणताच किल्ला किंवा तानसेन काढावा, ही आमची अपेक्षा. श्योपूरच्या गाडीची चौकशी करणारा हा पहिलाच! ती २०२० मध्ये थांबली आणि तिच्या जागी मोठे रूळ पडत आहेत, असे आम्ही सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "या, वर या. तुम्हांला काही दाखवतो."

जिना चढून गेल्यावर उजवीकडे जी खोली लागते, तिला तिथे शयनगृह म्हणण्याचा प्रघात आहे. आपण तिला अडगळीची खोली म्हटले असते. लांबी सात फूट, रुंदी साडेसहा फूट. एक खिडकी, एक दार. मूळचे दार आत उघडत असे. ते सुतार बोलावून उलटे, म्हणजे बाहेर उघडेल असे बसवून घेतले होते. "या एका कामाने मला अडीच फूट जमीन मिळाली," असे ते एखाद्या जमीनदाराच्या थाटात म्हणाले. खिडकीच्या भिंतीला सात फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी फळी, आणि काटकोनात दुसऱ्या भिंतीला एक फूट रुंदीची दुसरी. फळ्या कमरेच्या उंचीवर नव्हत्या, छातीच्या उंचीवर होत्या. आपण खुर्चीवर बसलो की डोळे थेट फलाटाच्या पातळीला येतात. वरून पाहिले तर खेळणे दिसते, समोरून पाहिले तर गाव दिसते, हे त्यांचे म्हणणे आम्ही तिथेच पडताळून पाहिले आणि ते पटले.

या छंदातले अंकगणित मोठे निष्ठुर आहे. इंग्लंडात सर्वाधिक प्रचार आहे तो एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणाचा, म्हणजे मूळ वस्तूच्या सुमारे शहात्तरावा हिस्सा. या हिशेबाने एक मैल म्हणजे एकोणसत्तर फुटांहून थोडा अधिक. ॲबिंग्डनचा अडीच मैलांचा फाटा खराखुरा मांडायचा तर एकशे त्र्याहत्तर फूट लांबीची खोली हवी. वळणाचेही तसेच. बाजारात मिळणाऱ्या तयार रुळांचे सर्वांत आवळलेले वळणसुद्धा ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे. त्याचा पुरा फेरा घालायचा तर अडीच फूट रुंदीची फळी लागते, आणि खऱ्या गाडीच्या दृष्टीने ते वळण इतके अशक्य असते की तिथे इंजिन रुळांवर टिकणेच नाही. म्हणून जाणते लोक लहान जागेत गोल फेरा घालतच नाहीत. मुलांची गाडी गोल फिरते. मोठ्यांची गाडी एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी जाते. फाट्याचे शेवटचे स्टेशन हा त्यांचा आवडता विषय का, याचे उत्तर इथे आहे. एका टोकाला रूळ संपतात, दुसऱ्या टोकाला एक पूल असतो आणि त्या पुलाखालून गाडी दृष्टीआड होते. पुलापलीकडे पुस्तकांच्या कपाटाखाली लपवलेल्या चार आडव्या रुळांवर गाड्या उभ्या करून ठेवायच्या. ते चार रूळ म्हणजे रॅडली, ऑक्सफर्ड, लंडन आणि उरलेले सगळे जग!

आणखी एक गंमत. या चार मिलिमीटरच्या गाड्या ज्या रुळांवर धावतात, त्या दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. खरे पाहता ते १८.८३ हवे. साडेसोळा म्हणजे मूळच्या मापाने चार फूट दीड इंच. खरा रूळमार्ग चार फूट साडेआठ इंचांचा. सात इंचांची ही चोरी कशी झाली? जगात आगगाडी प्रथम इंग्लंडात आली, म्हणून तिथले बोगदे आणि पूल लहान बांधले गेले आणि त्यामुळे तिथली इंजिनेही अंगाने लहान राहिली. युरोपातल्या साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात इंग्रजी इंजिन केले तर त्याच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा रूळ साडेतीनच्या प्रमाणाचे तसेच ठेवले आणि वरचे अंग चारच्या प्रमाणाने फुगवले. बॅसेट-लोक यांनी १९२२ साली जर्मनीतल्या बिंग कारखान्याकडून करवून घेतलेली मेजावरची रेल्वे आणि लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९३८ मध्ये आणलेली 'डब्लो' गाडी यांनी ही तडजोड घरोघर नेली. पुढे काही काटेकोर मंडळींनी बंड करून १८.२ आणि १८.८३ मिलिमीटरचे रूळ हाताने घडवायला सुरुवात केली, पण बहुसंख्य लोक आजही त्या सात इंचांच्या चोरीवर समाधानी आहेत. आमचे शेजारीही त्यांपैकीच. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळा उभा करण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या आम्हांला यात नाक मुरडण्यासारखे काही दिसले नाही.

त्यांना नाक मुरडायचे होते ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्यांचे वडील ॲबिंग्डनच्या स्टेशनावर सिग्नलच्या केबिनमध्ये कामाला होते. शाळा सुटली की हा मुलगा केबिनच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करी. आत येण्याची परवानगी नव्हती, परंतु थंडीच्या दिवसांत दार किलकिले ठेवून वडील शेगडीची ऊब बाहेर येऊ देत. खोलीतली रेल्वे उभी करायची ती या केबिनसाठी. मात्र जुना नकाशा काढून चार मिलिमीटरच्या पट्टीने मोजमाप केले, तेव्हा केबिन फलाटाच्या टोकापासून इतकी दूर निघाली की सात फुटांची फळी संपून, भिंत ओलांडून ती बाहेर जिन्यावर पडत होती. सात फूट म्हणजे मूळच्या मापाने पाचशे तेहतीस फूट, त्यापलीकडे एक वीतही नाही. "वडील जिन्यात उभे आणि स्टेशन खोलीत," ते हसून म्हणाले. पण हा हिशेब त्यांनी तीन महिने पुन:पुन्हा करून पाहिला होता, हे कागदांच्या चळतीवरून दिसत होते.

लहान जागेत रेल्वे मांडणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. सगळे काही ठेवून सगळ्यालाच थोडे थोडे आवळावे, की काही वस्तू पुऱ्या मापाने ठेवून बाकीच्यांवर पाणी सोडावे? पहिला मार्ग सोपा वाटतो, पण त्याने सगळेच स्टेशन खुजे दिसू लागते. आमच्या शेजाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. इंजिनाची शेड गेली. पाण्याची टाकी गेली. ज्याची छायाचित्रे जुन्या पुस्तकांत हमखास असतात, तो स्टेशनचा देखणा दर्शनी भागही गेला; कारण तो फळीच्या कडेबाहेर, म्हणजे पाहणाऱ्याच्या पोटात येत होता. फलाट निम्म्याहून कमी राहिला. त्यावर इंजिन आणि एक डबा मावतो, दुसरा डबा मावत नाही. केबिन मात्र पुऱ्या मापाची, पायऱ्यांची संख्यासुद्धा मोजून. ती आता पुलाच्या अगदी लगत आहे. खऱ्या गावात तिथे पूल नव्हता, हे त्यांनी स्वत:च सांगून टाकले.

एक डबा मावला तरी भागते, याला कारण त्या गाडीची घडण. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे कॉलेट यांनी १९३२ मध्ये फाट्यांसाठी एक लहान इंजिन तयार केले: पुढे जोडलेली चार मोठी चाके, मागे दोन लहान. त्याला जो डबा जोडत, त्याच्या दुसऱ्या टोकाला चालकासाठी खिडकी आणि इंजिनापर्यंत पोहोचणारे दांडे असत. जाताना इंजिन डबा ओढी. येताना चालक डब्याच्या टोकाला जाऊन उभा राही आणि इंजिन मागून ढकली. टोकाच्या स्टेशनवर इंजिन सोडा, दुसऱ्या रुळावरून फिरवून आणा, पुन्हा जोडा, ही यातायात नाही. खऱ्या कंपनीने खर्च वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती खोलीतल्या कंपनीला जागा वाचवण्यासाठी उपयोगी पडली. सांधेही त्यामुळे तीनच लागले.

सांध्यांवरून आठवले. मालधक्क्यासाठी त्यांनी तीन आडवे रूळ घातले आहेत. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि इंजिनाच्या पुढच्या तुकड्यावर इंजिनासह तीन. या मांडणीचे जनक ॲलन राइट नावाचे गृहस्थ. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने त्या आल्या, त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. हाताने वाघीण उचलायची नाही, सगळे इंजिनाकडून करवून घ्यायचे. आम्ही पहिल्या खेपेला वीस मिनिटे घेतली. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे प्रकार ६७२० होतात, म्हणजे रोज एक गाडी जुळवली तरी अठरा वर्षांहून अधिक काळ तीच गाडी पुन्हा जुळवायला नको! क्रमयोगाचा धडा शिकवताना गणिताच्या मास्तरांना रंगीत चेंडू आणि पिशवी यांखेरीज दुसरे उदाहरण सुचू नये, याचे आम्हांला त्या दिवशी फार वाईट वाटले.

एका रविवारी ते आम्हां दोघांना आपल्या गाडीतून लाँग विटनहॅम या खेड्यात घेऊन गेले. ॲबिंग्डनपासून अंतर चार-पाच मैल. तिथे पेंडन नावाचे संग्रहालय आहे. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून रॉय इंग्लंड हा तरुण या मुलखात आला आणि स्विंडनजवळच्या वॅनबरो गावी राहिला. गवताने शाकारलेली जुनी घरे पाहून तो हरखला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती घरे पाडली जाऊ लागली, त्यांच्या छपरांवर नवे पत्रे चढू लागले. त्याच्याजवळ घरे विकत घेण्याइतके पैसे नव्हते. त्याने ती मोजली, आणि चार मिलिमीटरच्या प्रमाणात पुठ्ठ्याची करायला घेतली. १९५४ मध्ये संग्रहालय उभे राहिले. रॉय इंग्लंड १९९५ मध्ये वारले, आणि स्वयंसेवक मंडळी त्यांचे काम अजूनही पुढे नेत आहेत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले एक सबंध खोरे तिथे दिवसेंदिवस वाढते आहे. भिंतीची प्रत्येक वीट पुठ्ठ्यावर कोरून जलरंगांनी वेगवेगळी रंगवलेली. छपराचे गवत म्हणजे नळजोडणीसाठी वापरतात तो ताग, बारीक करून एकेक पेंढी चिकटवलेला. परसातल्या कोबीच्या वाफ्यांत कोबी आहे. एकेका घराला माणसाची दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागली आहेत. शेजारच्या दालनात डार्टमूरचा डोंगराळ मुलूख आणि ब्रुनेलच्या पद्धतीचा उंच लाकडी रेल्वेपूल आहे. जॉन आहर्न यांची 'मॅडर व्हॅली' ही जुनी मांडणीही तिथेच जपून ठेवली आहे. आगगाडी ही गावाचा एक भाग आहे, गाव हे आगगाडीची सजावट नव्हे, ही दृष्टी या छंदात रुजवणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी ते एक.

आमच्या सौ. त्या घरांपुढून हलेनात. आम्हीही थक्क झालो, यात शंका नाही. तरी एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. त्या खोऱ्यात सदा ऊन पडलेले आहे. त्या गोंडस घरांच्या भिंतींना ओल असेल, पाणी आडातून ओढावे लागत असेल, शेतमजुराला मजुरी पुरत नसेल. यांतले काही चार मिलिमीटरच्या प्रमाणात दिसत नाही. आम्ही हे भीत भीत बोलून दाखवले. शेजारी म्हणाले, "म्हणून तर माझ्या केबिनचे एक तावदान फुटके आहे. वडिलांनी तीनदा अर्ज केला होता." घरी परतल्यावर आम्ही भिंग घेऊन पाहिले. फुटके तावदान होते, आणि त्यावर आतून तपकिरी कागद चिकटवलेला होता.

जूनच्या अखेरीस काम जोरात आले. रुळांखाली खडी पसरायची होती. चहाच्या चमच्याने बारीक खडी टाकायची, मऊ कुंचल्याने ती स्लीपरांच्या मधोमध सारायची, मग पांढरा गोंद पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून, औषधाच्या नळीने थेंबथेंब सोडायचा. साबण नसेल तर गोंद खडीवर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो. सांध्याच्या हलत्या जिभेत गोंद गेला तर सांधा कायमचा जखडला, म्हणून तिथे सुईच्या टोकाने काम. त्यांचे हात आता थोडे कापतात. डाव्या हाताने उजवे मनगट धरून ते खडी सोडीत, आणि पंधरा मिनिटांनी उठून खिडकीशी उभे राहत. आम्ही मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी आम्हांला झाडे दिली. तांब्याच्या तारा पिळून खोड करायचे आणि त्यावर रंगवलेला भुसा चिकटवायचा. आमची झाडे त्यांनी लावली, मात्र पुलाच्या पलीकडच्या उतारावर.

फळ्या एकसंध का केल्या नाहीत, असे आम्ही एकदा विचारले. सात फुटांची फळी साडेतीन-साडेतीन फुटांच्या दोन तुकड्यांची होती. जोडावर पितळी खुंट्या आणि बोल्ट, रूळ अगदी जोडावर कापलेले, विजेच्या तारांना सुटे जोड. केबिन नेमकी डाव्या तुकड्याच्या मधोमध. ते म्हणाले, "मुलगा मला त्याच्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात यायला सांगतो आहे. तिथली खोली मी पाहून आलो. खिडकीखाली चार फूट जागा आहे." एवढे बोलून ते पुन्हा खडीकडे वळले. तेव्हा आमच्या ध्यानात आले की हे स्टेशन सात फुटांसाठी कधी आखलेच नव्हते. डावा तुकडा एकटा मांडला तरी केबिन, पूल आणि पुलाखालून बाहेर येणारी गाडी एवढे त्यात पुरे आहे. फलाट, मालधक्का, ६७२० गाड्या हे सारे उजव्या तुकड्यावर. तो कुणाला द्यायचा, हेही त्यांनी ठरवून ठेवले होते: गावातल्या एका शाळेला.

ग्वाल्हेरच्या दोन फुटी गाडीविषयी त्यांनी आम्हांला पुष्कळ विचारले, आणि आम्ही आठवेल ते सांगितले: घोसीपुरा, जौरा, कैलारस, सबळगड ही स्टेशने, टपावर बसलेले प्रवासी, आणि चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येईल असा तिचा वेग. त्यांनी पेन्सिल घेऊन हिशेब केला. दोन फूट म्हणजे आठ मिलिमीटर. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात आणि अरुंद मापाच्या गाड्यांसाठी तेच वापरतात. म्हणजे त्यांच्या गाडीचे रूळ मापाहून अरुंद, तर आमच्या गाडीचे मापाहून रुंद! ग्वाल्हेर ते श्योपूर हे सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर त्या प्रमाणात अडीच किलोमीटरांहून अधिक भरते, हे ऐकून सौ. म्हणाल्या, "मग आपल्या घरात फक्त सबळगड." शेजाऱ्यांना त्याचे भाषांतर करून सांगितले, तर त्यांनी ते गंभीरपणे घेतले. "सबळगडही नको. त्यातली एक वस्तू निवडा. स्टेशनांच्या इमारतींची मापे कुणी घेऊन ठेवली आहेत का? नसतील तर इमारती आहेत तोवर घ्या. दारे, खिडक्या, पायऱ्यांची उंची. छायाचित्रांत उंची कळत नाही." आणि त्यांनी खणातून एक पोलादी पट्टी काढून आमच्या हाती ठेवली. तिच्या एका कडेला नेहमीचे इंच, दुसऱ्या कडेला दर चार मिलिमीटरला एक फूट. ही पट्टी सध्या आमच्या शाळेच्या कचेरीत आहे. नववीच्या मुलांनी तिने प्रथम आपल्याच शाळेचा व्हरांडा मोजून कागदावर काढला. मोठ्या सुट्टीनंतर त्यांना घेऊन रुळांच्या वाटेने जायचे ठरले आहे. पालकांची संमतिपत्रे येत आहेत.

आमच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी प्रथम धावली. मुलगी, जावई, सौ. आणि आम्ही असे चौघे त्या खोलीत दाटीवाटीने उभे. दार बाहेर उघडत असल्यामुळेच ते शक्य झाले. इंजिनात हल्ली आवाजाची यंत्रणा बसवतात, वाफेचा फुसफुसाट अगदी हुबेहूब येतो म्हणे. त्यांनी ती बसवली नव्हती. जुन्या पद्धतीच्या बारा व्होल्टच्या यंत्राची कळ त्यांनी हळूहळू फिरवली. पुलाखालच्या काळोखातून प्रथम डब्याचे तोंड दिसले, मग काळे इंजिन. केबिनवरून, सांध्यांवरून खडखडत ती फलाटाला येऊन थांबली. पुरते पंधरा सेकंदही लागले नसतील. जावयांनी टाळ्या वाजवल्या. शेजाऱ्यांनी बोट ओठांवर ठेवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी सुटायला सात मिनिटे होती.

ती सात मिनिटे आम्ही सारे थांबलो. कुणी काही बोलले नाही. बाहेर प्रकाश पुष्कळ होता, तिकडे जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. खिडकीतून येणारे तिरपे ऊन फलाटावर पडले होते आणि आमच्या झाडांपर्यंत पोहोचत नव्हते. सातवे मिनिट संपले तेव्हा त्यांनी फळीखाली हात घालून दोरा ओढला. केबिनच्या बाजूचा सिग्नल पडला, आणि गाडी रॅडलीकडे निघाली.